मुलीसाठी वेगळं नाव: शोधायचं कुठे, अर्थ तपासायचा कसा, दाखल्यावर चढवायचं कधी

घरात मुलगी आलीय आणि यादीतल्या पहिल्या दहा नावांपेक्षा काहीतरी वेगळं हवंय, अशांसाठी हे लिहितेय. माझ्या दोन मुली, थोरली मिहिका आणि धाकटी राका, आणि दोघींचंही नाव सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "म्हणजे काय?" तेव्हापासून मैत्रिणी, मावसबहिणी, त्यांच्या ऑफिसातल्या कोण कोण, सगळ्या मला याद्या फॉरवर्ड करत असतात आणि त्या बघून खरंच जीव तुटतो, कारण कित्येक नावांचे अर्थ कुणीतरी नुसते ठोकून दिलेले असतात. नाव वेगळं ठेवा, जरूर ठेवा, पण ते आलंय कुठून हे तुम्हाला पक्कं ठाऊक असू द्या. उद्या मुलगीच विचारेल, तेव्हा तिला सांगता आलं पाहिजे.

१. आधी मुदती समजून घ्या, म्हणजे घाई होणार नाही

बहुतेक गोंधळ इथेच होतो. बाराव्या दिवशी बारसं, हॉस्पिटलवाले म्हणतात नाव सांगा, सासूबाई म्हणतात गुरुजींना विचारा, आणि या गडबडीत जे सुचेल ते नाव कागदावर जातं.

प्रत्यक्षात काय आहे बघा. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी, हा १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचा नियम. हॉस्पिटलमध्ये बाळंतपण झालं असेल तर ती माहिती हॉस्पिटलच महापालिकेला, नगरपालिकेला नाहीतर ग्रामपंचायतीला कळवतं. पण जन्माची नोंद वेगळी आणि नावाची नोंद वेगळी! नाव न टाकता जन्म नोंदवता येतो, आणि नोंदणीच्या तारखेपासून १२ महिन्यांपर्यंत नाव बिनाशुल्क टाकता येतं, त्यानंतरही विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत सोय आहे. म्हणून हॉस्पिटलच्या फॉर्मवर घाईने नाव लिहून देऊ नका, तो रकाना रिकामा ठेवलेला चालतो. एकदा नाव चढलं की बदलणं मात्र फार किचकट, ते पुढे सांगतेच.

२. अक्षराचं घरात आधीच ठरवा

नावरस अक्षर पाळायचं की नाही, हा विषय बाळ यायच्या आधीच मिटवून टाका, कारण नंतर बाळंतीण दमलेली असते आणि वाद तिच्या डोक्याशी होतात.

पद्धत अशी की जन्मनक्षत्राच्या चार चरणांना चार अक्षरं दिलेली असतात. रोहिणीला ओ, वा, वी, वू. मघाला मा, मी, मू, मे. स्वातीला रू, रे, रो, ता. इथपर्यंत ठीक, पण आर्द्रेच्या चरणांत ङ येतो, हस्तात ष, ण, ठ, उत्तराभाद्रपदेत ञ, आता यावरून नाव काय काढणार! अशा वेळी पुष्कळ घरांत सरळ मार्ग काढतात, पत्रिकेत नावरस नाव वेगळं आणि दाखल्यावर आवडीचं वेगळं. आम्हीही तेच केलं, कुणाचं मन मोडलं नाही. तुमच्याकडे अक्षर पाळायचंच असेल तर शोध त्या अक्षरापासूनच सुरू करा, नाहीतर आवडलेलं नाव शेवटी सोडावं लागतं आणि ते फार लागतं मनाला.

नावाला नकार द्यायचा हक्क कुणाकुणाला, हेही ठरवा. आईबाबा दोघांना पूर्ण हक्क, बाकी सगळे सुचवतील. हे गोड शब्दांत पण आधी सांगा.

३. नावं शोधायची कुठे

इथे वेळ घालवा, खरी मजा इथेच आहे.

वेदांत बघा. गार्गी, मैत्रेयी, लोपामुद्रा सगळ्यांना माहीत असतात, पण ऋग्वेदात जिच्या नावावर सूक्त आहे अशा बायका अजूनही आहेत. घोषा ही कक्षीवानाची मुलगी, दहाव्या मंडलातली ३९ आणि ४० ही अश्विनीकुमारांची सूक्तं तिची. विश्ववारा अत्रींच्या कुळातली, पाचव्या मंडलातलं २८वं अग्निसूक्त तिचं, आणि नावाचा अर्थ असा की हवंहवंसं सगळं जिच्यापाशी आहे ती. मला सगळ्यात जवळचं वाटतं ते अरण्यानी. ही रानाची देवता, दहाव्या मंडलातलं १४६वं सूक्त अख्खं तिच्यावर आहे, त्यात संध्याकाळच्या रानात गाडी करकरल्यासारखा आवाज येतो, कुणीतरी ओरडल्यासारखं वाटतं, आणि शेवटी कवी म्हणतो की ही नांगरत नाही तरी हिच्याकडे अन्न भरपूर, ही सगळ्या प्राण्यांची आई. अरण्या हल्ली ऐकू येतं, अरण्यानी अजून जवळजवळ कुणी ठेवत नाही.

मग चंद्राच्या चार बहिणी म्हणाव्यात अशी चार नावं आहेत. पौर्णिमेला एक कला कमी असते ती अनुमती, पूर्ण पौर्णिमा ती राका, अमावस्येला चंद्राची बारीक कोर जेमतेम दिसते ती सिनीवाली, आणि चंद्र अजिबात दिसत नाही ती कुहू. आता कुहू नाव बरेच जण कोकिळेच्या आवाजावरून ठेवतात, तेही बरोबरच आहे, पण जुना अर्थ अमावस्येचा, तो माहीत असू द्या म्हणजे बारशाला कुणी काका उठून सांगू लागले तर तोंड पडणार नाही. राकाबद्दल ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात एक ओळ आहे, न तुटणाऱ्या सुईने तू आमचं काम शिवून दे अशी तिला विनवणी केलीय. ती ओळ वाचली आणि आमच्या धाकटीचं नाव तिथेच नक्की झालं, नवऱ्याला मी रात्री अकरा वाजता उठवून वाचून दाखवली होती.

नद्या. आपल्याकडे एवढ्या नद्या आणि आपण गोदावरी, कृष्णा, कावेरीवरच थांबतो. प्रवरा घ्या, रतनगडाच्या बाजूला उगम, पुढे गोदावरीला मिळते, अर्थ श्रेष्ठ. वेण्णा साताऱ्याची, संगम माहुलीला कृष्णेत जाते. नीरा तर ऐकायला किती हलकं. मांडवी गोव्याची नदी आणि रामायणात भरताची बायकोही मांडवीच, म्हणजे एका नावात दोन गोष्टी. रेवा म्हणजे नर्मदा, उड्या मारत जाणारी. तापी नाव मुलीला ठेवलं तर ताप आठवतो, पण तिचंच जुनं रूप तपती, सूर्याची मुलगी, महाभारतातल्या कुरू राजाची आई, हे नाव खानदेशातल्या मंडळींनी तरी नक्की विचारात घ्यावं. नदीवरून नाव ठेवायची आपल्याकडची एक छान नोंद म्हणजे इरावती कर्वे, १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मल्या म्हणून तिथल्या इरावती नदीचं नाव. तुमचं गाव ज्या नदीकाठी आहे तिचं नाव एकदा उच्चारून बघा, एवढं करून तरी बघा.

आपल्या इतिहासातल्या बायका. नागनिका ही सातवाहन राणी, जुन्नरजवळच्या नाणेघाटात तिचा ब्राह्मी लेख आहे, त्यात केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दानांची यादी आहे, ट्रेकला जाणाऱ्यांनी तो दगडावर बघितलेला असतो. बलश्री म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री, नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या लेण्यात तिचा लेख. महदंबा महानुभाव पंथातली, धवळे म्हणजे लग्नातली गाणी रचणारी, मराठीतली आद्य कवयित्री. सोयरा, निर्मळा, वेणा, कान्होपात्रा ही संत कवयित्रींची नावं. शिवाजी महाराजांच्या लेकींपैकी एक राणूबाई, त्यातलं राणू आज किती ताजं वाटतं बघा.

आकाश. अरुंधती, रेवती, चित्रा झाल्या. मघा आणि कृत्तिका अजून कमी ऐकू येतात. मराठीत कॅसिओपिया तारकासमूहाला शर्मिष्ठा म्हणतात आणि अँड्रोमेडाला देवयानी, जवळच ययातीही आहे. शर्मिष्ठा म्हणजे सर्वांत सुखी, पण गोष्टीतल्या शर्मिष्ठेच्या वाट्याला आधी दासीपण आलं, मग ती राणी झाली, पुरूची आई झाली. गोष्ट पूर्ण वाचून मग ठरवा.

झाडं-फुलं. सायली, जुई, केतकी, प्राजक्ता वर्गात दोन-दोन सापडतील. शेफाली म्हणजे पारिजातकच, शाल्मली म्हणजे काटेसावर, अबोलीला वास नाही पण रंग असा की गोव्यात तिच्या गजऱ्याशिवाय सण होत नाही. सह्याद्रीतली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, मुलीचं नाव म्हणून अजून नवंच आहे, मला तरी गोड वाटतं.

आणि साधे मराठी शब्द! ओवी, साजिरी, गोजिरी, मंजिरी. संस्कृतातले जरा आडवाटेवरचे म्हणाल तर मिहिका म्हणजे धुकं, शर्वरी म्हणजे चांदण्यांची रात्र, ऊर्वी म्हणजे पृथ्वी, ऋतजा म्हणजे सत्यातून जन्मलेली, त्विषा म्हणजे तेज.

४. अर्थ स्वतः तपासा, हा भाग कृपा करून सोडू नका

नावांच्या वेबसाइट आणि ॲप एकमेकांचं कॉपी करतात. एकाने 'लक्ष्मीचं एक नाव' लिहिलं की सगळीकडे तेच. तिथून फक्त नाव घ्या, अर्थ घेऊ नका.

तपासायला लागतं काय, तर संस्कृत शब्दाला आपटे किंवा मोनियर विल्यम्स यांचा कोश, मराठीला मोल्सवर्थ किंवा दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, आणि पुराणातल्या व्यक्तीला चित्रावशास्त्रींचा प्राचीन चरित्रकोश. पहिले चार ऑनलाइन फुकट शोधता येतात, शेवटचा कुठल्याही चांगल्या वाचनालयात मिळतो. शोधताना तीन गोष्टी करा. शब्द देवनागरीत ऱ्हस्व-दीर्घ बरोबर टाका. पहिला अर्थ वाचून थांबू नका, खालपर्यंत वाचा. आणि शब्द सापडलाच नाही तर तो फोडून बघा, मूळ धातू कुठला, पुढे काय लागलंय. तरीही काहीच हाती लागलं नाही तर कॉलेजात किंवा शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या कुणाला विचारा, ते लोक आनंदाने सांगतात हा माझा अनुभव आहे.

सापळे कसे असतात बघा. मृषा, ऐकायला मऊ, अर्थ खोटं. अनृता सुद्धा खोटंच, अमृतासारखं दिसतं म्हणून फसायला होतं. रुजा म्हणजे आजार, वेदना. क्षिती म्हणजे पृथ्वी पण क्षती म्हणजे नुकसान, एका वेलांटीचा, खरं तर एका इकाराचा फरक. अदिती देवांची आई, दिती दैत्यांची. वैतरणा ही पालघरकडची छान नदी आहे पण घरातल्या मोठ्यांना यमलोकाच्या वाटेवरची वैतरणी आठवणार. ऋषिकांच्या नावांतही जपून, अपाला ही आठव्या मंडलातली सूक्तकर्ती, पण शब्दाचा सरळ अर्थ जिला राखणारं कुणी नाही ती, आणि रोमशा म्हणजे अंगावर दाट केस असलेली. व्यक्ती मोठी आहे म्हणून तुम्हाला तरीही ठेवायचं असेल तर ठेवा, माझी ना नाही, पण कळून ठेवा.

परकी नावं वाईट असतात असं मला अजिबात वाटत नाही, फक्त त्यांना संस्कृतचा मुलामा चढवू नये. मायरा हे नाव फुल्क ग्रेव्हिल नावाच्या जुन्या इंग्रज कवीने घडवलं, हा कवी १६२८ मध्ये वारला, आणि राजस्थानात मायरा म्हणजे लग्नात मामाने आणलेला आहेर. कियारा इटालियन कियारावरून धरलं तर उजळ, आयरिशवरून धरलं तर काळसर केसांची. झोया ग्रीकमधून रशियनमार्गे आलं, अर्थ जीवन. इनाया अरबी, अर्थ काळजी घेणं, माया. नूर अरबी, प्रकाश. किती सुंदर आहेत हे अर्थ! जे आहे ते सांगावं मुलीला.

५. नाव तोंडात घोळवा, कागदावर लिहा

यादीत तीन-चार उरली की प्रत्येक नाव आडनावासकट मोठ्याने म्हणा. गॅलरीतून खाली हाक मारल्यासारखी मारून बघा. मग कुणाला तरी फोनवरून सांगा आणि त्यांनी काय लिहिलं ते विचारा. राका आमच्याकडे लसीकरणाच्या कार्डावर राखी होऊन आलं होतं, म्हणून आता आम्ही सांगतानाच "रा आणि का, काना दोन्हीला" असं सांगतो. वेगळं नाव ठेवलंत की हे थोडं आयुष्यभर करावं लागतं, त्याची तयारी ठेवा.

इंग्रजी स्पेलिंग घरात आत्ताच एक ठरवा. आपण ऋ चा उच्चार रु करतो, हिंदीवाले रि करतात, त्यामुळे ऋतुजा, ऋजुता, ऋतजा यांचं स्पेलिंग यू घालून करायचं की आय घालून, ते दोघांनी लिहून ठेवा. ज्ञ चं तेच, आपण द्न्य म्हणतो, उत्तरेत ग्य म्हणतात, ज्ञानदा दिल्लीत ग्यानदा होणार. ळ असलेलं नाव महाराष्ट्राबाहेर ल होऊन येतं, इळा असेल तर इला. आणि ऊर्वी एका कागदावर एका यू ने, दुसऱ्यावर डबल ओ ने असं झालं की पासपोर्टच्या वेळी धावपळ.

परदेशात राहत असाल किंवा जायचं असेल तर अजून एक बघा. हर्षिता, दर्शिता यांसारख्या नावांत इंग्रजी स्पेलिंगमध्ये मध्येच एक शिवी तयार होते, दीक्षाच्या सुरुवातीलाही तसंच, आणि शाळेतली मुलं ते पहिल्या दिवशी हेरतात. जर्मनीसारख्या देशात नोंदणी कार्यालय नाव मुलाच्या हिताचं नाही वाटलं तर नाकारू शकतं, ते खरंच नाव आहे याचा पुरावाही मागू शकतं, तेव्हा कोशातलं पान सेव्ह करून ठेवलेलं कामाला येतं. आईबाबांपैकी कुणी भारतीय नागरिक असेल आणि बाळालाही भारतीय नागरिकत्व ठेवायचं असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत जन्म नोंदवायला विसरू नका, आणि तिथल्या दाखल्यावरचंच स्पेलिंग इथेही द्या.

६. बारसं

यात काही अवघड नाही. पाळणा सजतो, घुगऱ्या होतात, बायका "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत बाळाला पाळण्याच्या वरून-खालून देतात, मग आत्या कानात कुर्र करून नाव सांगते. आत्याला नाव आधी सांगून, दोनदा म्हणायला लावून ठेवा, एवढंच. माझ्या नणंदेने मिहिकाचा अर्थही सगळ्यांना सांगितला, धुकं म्हटल्यावर एक आजी म्हणाल्या, "अगं बाई, पहाटेचं नाव की!" त्या दिवसानंतर घरात कुणी नावाबद्दल कुरकुर केली नाही. अर्थ लिहिलेलं छोटं कार्ड पाळण्याला अडकवलंत तर प्रत्येकाला वेगळं सांगत बसावं लागत नाही.

७. दाखल्यावर नाव

कुठे जायचं: जिथे जन्म झाला तिथल्या नोंदणी कार्यालयात, तुम्ही राहता तिथल्या नव्हे. माहेरी बाळंतपण झालं असेल तर माहेरच्या गावी. हे न कळल्यामुळे बऱ्याच जणांची एक फेरी फुकट जाते.

सोबत न्यायचं:
- नाव टाकण्याचा अर्ज, आईबाबा दोघांच्या सहीने
- नाव नसलेला जन्मदाखला किंवा जन्म नोंदणी क्रमांक
- हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड
- आई आणि बाबा दोघांचं आधार, मूळ आणि झेरॉक्स
- काही ठिकाणी लग्नाचा दाखला आणि पत्त्याचा पुरावा मागतात, जवळ असू द्या

आईचं नाव लग्नानंतर बदललेलं असेल तर हॉस्पिटलच्या कागदावर कुठलं गेलंय ते आधी बघा, आधारशी जुळलं पाहिजे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव अशा क्रमाने लिहायचंय. हा निर्णय मला मनापासून आवडला, पण त्यामुळे पूर्ण नाव लांब होतं, म्हणून पाचव्या पायरीत आडनावासकट म्हणून बघा म्हटलं तेव्हा आईचं नाव घालूनही म्हणून बघा.

दाखला आता पूर्वीपेक्षा फार महत्त्वाचा झालाय. कायद्यात २०२३ मध्ये बदल झाला आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, लायसन्स, मतदारयादी, लग्ननोंदणी, पासपोर्ट सगळ्यासाठी जन्माचा पुरावा म्हणून हाच कागद चालतो. म्हणजे यावरचं स्पेलिंग पुढे सगळीकडे जाणार.

म्हणून प्रिंट काढायच्या आधी खिडकीवरच्या माणसाला स्क्रीन दाखवायला सांगा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही अक्षर अक्षर वाचा, लाजू नका, मागे रांग असली तरी वाचा. लिहिताना झालेली चूक अर्ज करून दुरुस्त होते, पण नाव मनातून उतरलं म्हणून बदलायचं झालं तर राजपत्रापर्यंत जावं लागतं आणि मग एकेक कागद नव्याने.

दाखला हातात आला की लगेच बाल आधार काढून घ्या. पाच वर्षांच्या आत बोटांचे ठसे घेत नाहीत, आई किंवा बाबांच्या आधारला जोडून देतात, पाच पूर्ण झाल्यावर ठसे द्यायला परत न्यावं लागतं. आधारवर दाखल्यावरचंच स्पेलिंग टाकून घ्या, आणि लसीकरणाच्या कार्डावर आधी 'बेबी ऑफ' अमुक लिहिलेलं असेल तर पुढच्या डोसच्या वेळी तिथेही नाव घालून घ्या.